पृथ्वीची कावीळ

"पेशंटचं नाव काय?" नानांनी मांडीवरची वही उघडत विचारलं.

"पृथ्वी," मी म्हणाले.

"बाप्या का बाई?"

"बाई."

"वय?"

"बरंच आहे."

नानांनी 'साठीच्या पुढं' असं लिहिलं. "डोळं पिवळं झाल्यात?"

"डोळ्यांचं नीट कळत नाही. पण अंग निळसर दिसतं आणि एका बाजूला कललेली असते सारखी."

"निळसर," नाना काळजीनं म्हणाले. "मग उशीर नका लावू. आजच घाला माळ. अंघोळ घालून, उपाशीपोटी."

ओट्यावर बसलेल्या बायकांनी हळहळून चुकचुक केली. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून माळ ओंजळीत घेतली आणि शाळेची वाट धरली. वळण ओलांडल्यावर मात्र हसू आवरेना.

याला आता चाळीस वर्षं झाली. मी तेव्हा चोवीसची होते. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि कासारखेडच्या हायस्कुलात विज्ञान आणि भूगोल शिकवत होते. बीएस्सीला फर्स्ट क्लास मिळाला होता आणि त्याची ऐट अजून उतरली नव्हती. नाना शेवाळे म्हणजे गावचे निवृत्त पोस्टमन. सायकलवरून पंधरा गावं पालथी घातलेला माणूस. ते काविळीवर माळ देत. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नवेच्या, ओल्या मुळांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, एकेक तुकडा दोऱ्याच्या फासात आवळलेला. ही माळ पहिल्या दिवशी जेमतेम डोक्यावर बसायची. मग रोज थोडी थोडी वाढत जायची, गळ्यात उतरायची, छातीवर यायची, आणि बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. नाना त्याचा एक पैसा घेत नसत. बरा झालेला माणूस हौसेनं नारळ ठेवून जाई, तोही ते शेजारच्या पोरांत फोडून वाटत.

त्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ होती. वर्गातल्या निम्म्या मुली गळ्यात माळा घालून बसायच्या. मी फळ्यावर यकृत काढायचे, त्या माझ्याकडे दयेनं बघायच्या. घरी तर बोलायची सोयच नव्हती. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, मी एकदाच म्हणाले, "कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते." त्यावर त्यांनी मला माझ्याच नवऱ्याचा दाखला दिला.

"बाळू नऊ वर्साचा हुता. हळदीसारखा पिवळा पडलाता. डागदरनं हात टेकलं. नानांनी माळ घातली, आन् एकविसाव्या दिवशी त्यो आंब्याच्या झाडावर चढला. माझ्या डोळ्यांनी बगितलंय मी. तू हुतीस का तवा?"

मी नव्हते. नवरा एसटीत कंडक्टर होता, मुक्कामी गाडीवर असायचा. तो घरी असता तरी आपल्याच काविळीविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला नसता.

म्हणून मग पृथ्वी. आमच्या प्रयोगशाळेत एक जुना पृथ्वीगोल होता. मी त्याला ओल्या फडक्यानं अंघोळ घातली आणि माळ चढवली. पहिल्या दिवशी ती उत्तर ध्रुवावर टोपीसारखी बसली. चौथ्या दिवशी रशियात उतरली. आठवड्याभरात हिमालय मागे टाकून ती आपल्याकडे आली, नवव्या दिवशी कन्याकुमारीला टेकली आणि बाराव्या दिवशी सकाळी मी कुलूप काढून बघते तर विषुववृत्त ओलांडून थेट बुडाशी पडलेली. मुळं वाळून काटकुळी झाली होती, फास सैल पडले होते, त्यामुळे दोरा मोकळा होऊन माळ लांबली होती. एवढंच त्यातलं गुपित. पृथ्वी खडखडीत बरी.

रविवारी सकाळी नानांच्या ओट्यावर गर्दी असे. मी मुद्दाम तीच वेळ धरली. गोल पिशवीतून काढून सगळ्यांसमोर ठेवला, बुडाशी पडलेली माळ दाखवली आणि म्हणाले, "नाना, तुमची पेशंट आणलीय. तिला कावीळ नव्हती, तरी माळ उतरली."

मग तंबाखू मळत बसलेला एक जण म्हणाला, "आता पृथ्वीला बी कावीळ व्हायला लागली. काय दिवस आल्यात."

"पर नानांचा हात लागला आन् बरी झाली का न्हाई?" दुसरा म्हणाला.

"झाली की. बाईच सांगत्यात."

पुढच्या पाच मिनिटांत तीन नव्या माणसांनी माळेसाठी नावं दिली. मी फर्स्ट क्लाससकट तिथं उभी होते. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी माळ उचलली, एकेक तुकडा बोटांत फिरवून पाहिला, फास ओढून पाहिला.

"बाई," ते म्हणाले, "एका गोळ्यावरनं कसं ठरवायचं? तुमच्या सासूचा, आक्काचा बाळू बरा झाला ही एक गोष्ट. तुमचा गोळा बरा झाला ही बी एक गोष्टच."

खरं तर ते चूक नव्हते, आणि तेच जास्त झोंबलं.

"गोळा ऱ्हाऊ द्या माझ्याकडं," नाना म्हणाले. "बगतो मी."

त्यानंतर दोन-अडीच आठवडे नाना गावात फारसे दिसले नाहीत. कुणी म्हणे त्यांनी घरातल्या भोपळ्याला माळ घातलीय. कुणी म्हणे पितळेच्या घागरीला, वरवंट्याला, सायकलच्या दिव्यालासुद्धा. गावाला वाटलं, म्हातारा सरकला, आणि त्याला सरकवला बाईनं. मग ते सायकल घेऊन रोज सकाळी बाहेर पडायला लागले. पोस्टात असतानाही इतके फिरत नव्हते म्हणे.

एका दुपारी शाळा सुटल्यावर ते प्रयोगशाळेत आले. काखेत गोल होता, हातात वही. स्टुलावर बसले, पाणी प्यायले.

"सगळी बरी झाली," ते म्हणाले. "भोपळा, घागर, वरवंटा. सायकलचा दिवा जरा उशिरा, त्यो सावलीत हुता."

मी हसले. ते हसले नाहीत.

"ह्या वहीत चारशेबारा नावं हायती. पोस्टाची सवय, पत्त्यासकट लिवलेली. मी हिशेब असा धरला हुता बगा, की बरं झालेलं माणूस येतं, पाया पडतं, सांगतं. जी आली न्हाईत, ती बी बरीच झाली असतील, कामाधामात असतील. आपल्याला कुठं नारळाची आस हाय." त्यांनी वही उघडली. "ह्या पंधरा दिसांत मी न आलेल्या एकसष्ट घरांत जाऊन आलो."

"मग?"

"बरीचशी बरी झालीती. त्यातल्या नऊ जणांची माळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तुटलीती. एकाची तर कुत्र्यानं नेली. तरी बरी." ते थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. "आन् सात घरांत माणूस गेलं हुतं. सात, बाई. गेलेल्याच्या घरचं कशाला यील सांगायला? मीच कवा गेलो न्हाई इचारायला. एका म्हातारीनं च्या केला मला. म्हणाली, नाना, तुमची माळ चांगलीच हुती, आमच्या लेकीचं नशीब खोटं."

बाहेर शिपाई बाकं ओढत होता. मला पृथ्वीचं नाव-वय सांगतानाचं माझं हसू आठवलं आणि मान वर करवेना.

"त्या लेकीला दवाखान्यात न्यायचं ठरलं हुतं," नाना म्हणाले. "माळ मिळाली म्हणून नेलं न्हाई."

त्याच संध्याकाळी त्यांनी परसातली घेटुळी मुळासकट उपटली आणि माळ बंद झाली, असं ओट्यावर सांगून टाकलं. कारणही सांगितलं, सात घरांसकट. गावानं ते ऐकून घेतलं आणि दुसरंच समजून घेतलं: शाळेच्या बाईनं देवमाणसाला चेष्टेनं दुखावलं. आत्याबाईंनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. ताट वाढलं की तांब्या आपटून बोलवायच्या, तेवढंच.

आणि चौथ्या दिवशी शालनचे डोळे पिवळे झाले.

शालन माझी नणंद. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा सरत आला होता. आधी दोन दिवस जेवण नको म्हणत होती. त्या सकाळी मी तिला वेणी घालायला बसले, आरशात तिचे डोळे दिसले, आणि मी कंगवा टाकून उठले. गरोदर बाईला ही कावीळ किती वाईट, ते मी वाचलेलं होतं.

"आत्याबाई, हिला आजच जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला हवं."

"नानांना बोलीव," आत्याबाई म्हणाल्या.

"नाना आता माळ देत नाहीत."

"कुणामुळं?"

"इतर लोकांचं वेगळं, दिवस गेलेल्या बाईचं वेगळं. यात बाई दगावते, आत्याबाई. चार-पाच जणींत एखादी."

"म्हंजी चार वाचत्यातच की." त्यांनी शालनच्या कपाळावर हात ठेवला. "आन् एवढी धक्क्याची गाडी, आठवा महिना. रस्त्यात काय झालं तर? हितं मी हाय, नाना हायती. बाळूला मी ह्याच खोलीत उठवून बशिवला."

शालन भिंतीला टेकून माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत होती. "वैनी, मला लई झोप यायलीय," ती म्हणाली. ते ऐकून मी चपला घातल्या आणि नानांकडे धावत गेले.

नाना लगेच आले. उंबऱ्यातच उभे राहून त्यांनी शालनला पाहिलं. मग आत्याबाईंसमोर बसून त्यांनी, जसं मला सांगितलं होतं, तसं सगळं पुन्हा सांगितलं. भोपळा, घागर, एकसष्ट घरं, नऊ तुटलेल्या माळा, सात गेलेली माणसं. एकही आकडा चुकले नाहीत. माझ्या वर्गात कुणी इतकं स्वच्छ उत्तर दिलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आत्याबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "नाना, तुम्ही मोठं. मोठ्या माणसाला मोठंपना घ्यावासा वाटत न्हाई. पर माझ्या लेकीपुरती एक माळ करा. गुण येतो का न्हाई ते माझं मी बगंन."

"आक्का, माळंत गुणच न्हाई."

"माझ्या बाळूला आला."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. शालनचे डोळे मिटत चालले होते. नानांनी तांब्यातलं पाणी घशात ओतलं, तोंड पुसलं आणि एकदम आवाज खाली आणला.

"आक्का, तुमच्यापासनं एक गोष्ट लपिवली मी."

"कंची?"

"माळ बंद केली ती गोळ्यामुळं न्हाई. बोरगेवाडीला माझा मावसभाऊ हाय. त्याची सून. अशीच आठव्या महिन्यात पिवळी झाली. मीच माळ घातली. ह्या हातानं." त्यांनी हात पुढं केला, आणि आत्याबाई त्या हाताकडे बघायला लागल्या. "पहिल्या दिवशी म्हणाली, मामंजी, झोप येती. हिरवं लुगडं नेसली हुती, डोहाळजेवणाचं. दुसऱ्या दिवशी माणसं वळखंना. नवऱ्याला म्हणली, तुम्ही कोण? सासूनं गाडी जुंपली तवा उशीर झालाता. वढ्यापातूर बी गेली न्हाई. गोठ्यातली गाय चार दिवस वैरणीला तोंड लावंना. तिची सासू आजून म्हणती, नाना, त्या दिवशी माळ आणायला गेले, त्याच वाटंनं पुढं दवाखाना हुता."

आत्याबाईंच्या ओठांची हालचाल चालली होती. त्या शालनकडे वळल्या. "शालन, मी कोन?"

"आई, काय गं हे," शालन पुटपुटली.

पण आत्याबाई उठल्या होत्या. पेटीतलं लुगडं, दोन चादरी, पिण्याच्या पाण्याची कळशी. "इंदू, बगतीस काय? सोसायटीची जीप बग जा. आन् ड्रायव्हरला म्हनावं, हळू चालीव पर थांबू नको."

एकसष्ट घरांनी जे झालं नाही, ते एका घरानं झालं.

दवाखान्यात पोचेपर्यंत शालन दोनदा ओकली आणि एकदा मला 'आत्या' म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाईन लावलं आणि म्हणाल्या, "वेळेत आणलंत. पण काय होईल ते मी आज सांगू शकत नाही." पुढचे सहा दिवस मी आणि आत्याबाई आळीपाळीनं व्हरांड्यात बसलो. चौथ्या दिवशी शालनला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, वेळेच्या आधी, मुठीएवढी. शालननं त्यानंतरही दोन दिवस आम्हाला टांगून ठेवलं आणि सातव्या दिवशी सकाळी चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरली. आत्याबाई व्हरांड्यात जाऊन पोटभर रडल्या आणि आत येऊन म्हणाल्या, "तिला साखर कमी लागली."

नाना रोज दुपारच्या गाडीनं यायचे, संध्याकाळी परत जायचे. त्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. माझ्या मनात सहा दिवस एकच गोष्ट होती.

"नाना, त्या बोरगेवाडीच्या सुनेबद्दल तुम्ही मला शाळेत काही बोलला नाहीत. वहीतल्या सातांत ती होती का?"

नाना समोरच्या पिंपळाकडे बघत म्हणाले,

"कुठली सून, बाई? माझ्या मावसभावाचं लगीनच झालं न्हाई."

"म्हणजे?" मी विचारलं.

"सात खरी सांगितली, ती ऐकली न्हाईत," नाना म्हणाले. "मग आठवी खोटी सांगितली. चाळीस वर्सं लोकांच्या गोष्टी ऐकल्यात ओट्यावर. कुठल्या गोष्टीनं माणूस हालतं, ते कळतं आता."

"आणि गाय?"

"गाय ऐनवेळी सुचली."

बारसं दीड महिन्यानं केलं, मूल जरा बाळसं धरल्यावर. पन्नासेक बायका आल्या होत्या. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि बोलणं आपसूक काविळीवर आलं. आत्याबाईंनी बोरगेवाडीच्या सुनेची गोष्ट सांगितली. त्यांच्या तोंडी ती आणखी चांगली झाली होती. वाटेत आता पूल नव्हता आणि ओढ्याला पाणी होतं.

कोपऱ्यात एक पाहुणी बसली होती, शालनच्या सासरकडची लांबची कुणी. तिनं पदर डोळ्याला लावला.

"मला माहीत हाय की ती," ती म्हणाली. "माझं म्हायेर बोरगेवाडीच्या शेजारी. मी मातीला गेलेती. हिरव्या लुगड्यातच नेली पोरीला."

नाना दारात पेढा खात उभे होते. त्यांचा हात तोंडाजवळ थांबला.

"नाव काय हुतं तिचं?" त्यांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

"यमुना," पाहुणी क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "गोरीपान. भाकरी अशी करायची, चंद्रावानी."

"व्हय," नाना हळूच म्हणाले. "यमुनाच."

मला राहवेना. मी विज्ञान शिकवणारी बाई. वर्गात पोरींना सांगायचे, एकानं सांगितलं म्हणून धरू नका, दहांनी सांगितलं म्हणूनही धरू नका, मोजून बघा. इथं माझ्यासमोर एक बाई जन्मालाच न आलेल्या सुनेच्या मातीला जाऊन आली होती आणि पन्नास जणी माना हलवत होत्या. मी हातातली परात खाली ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पाहुणीच्या पलीकडे बसलेली एक बाई दिसली. तिच्या शेजारी तिची सून, सातव्या महिन्याची असावी, पोटावर हात ठेवून एकटक ऐकत होती. सासूनं सुनेची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, खालची पापणी ओढून डोळा पाहिला, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. हे खरं हाय का?"

नाना पेढा खायचे थांबले होते. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"खरं आहे," मी म्हणाले. "चार दिवस गायीनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं."